शाळेची बाग भाजीसाठी नसते

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत बाग का असावी, असे विचारले की तीन उत्तरे ठरलेली असतात. मुले भाजी खायला शिकतात. मुले पडद्यापासून दूर राहतात. मुलांना निसर्गाची ओढ लागते. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे, तरीही ती वरवरची आहेत. बागेला त्यांनी एक उपकारक जोडधंदा करून टाकले आहे. परीक्षा जवळ आल्या, पैसे आटले किंवा उत्साही शिक्षिका बदलून गेली की हा जोडधंदा बिनदिक्कत बंद होतो. वाफ्यात तण माजते आणि त्याबद्दल कुणी जाबही विचारत नाही.

माझे म्हणणे असे की चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी बाग ही सर्वांत आधी विचार करायला शिकण्याची जागा आहे. भाजी, ताजी हवा आणि निसर्गप्रेम हे तिचे आनुषंगिक लाभ. इतक्या लहान वयात आपला अंदाज वास्तवाशी ताडून पाहण्याची, तो चुकला तर बदलण्याची आणि निकालासाठी थांबण्याची सवय लावणारी तिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची दुसरी सोय शाळेकडे नाही. म्हणून बागेची जागा वेळापत्रकात आहे आणि तिचे मोजमाप शिक्षणाच्या मापानेच व्हायला हवे. हे म्हणणे आता टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. उसन्या हेतूंचा इतिहास

अमेरिकेतली पहिली शालेय बाग म्हणून ज्या बागेचे नाव घेतले जाते, ती १८९१ साली बोस्टनच्या रॉक्सबरी भागातल्या जॉर्ज पुटनम शाळेत हेन्री लिंकन क्लॅप यांनी सुरू केली. तिच्यात सुरुवातीला भाजी नव्हतीच. रानफुले आणि नेचे होते, आणि मुलांनी ते लक्षपूर्वक पाहावेत एवढाच उद्देश होता. त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली आणि ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक निसर्ग-अभ्यासाची चळवळ उभारत होते. शिक्षकांसाठी कॉमस्टॉकबाईंनी लिहिलेले जाडजूड हस्तपुस्तक १९११ साली निघाले. आरंभ असा शुद्ध शैक्षणिक होता.

पुढे मात्र बागेवर इतर कामे लादली गेली. १९०२ साली फॅनी ग्रिस्कम पार्सन्स यांनी न्यूयॉर्कच्या डीविट क्लिंटन पार्कमध्ये मुलांची शेती सुरू केली. आपला हेतू भाजी पिकवणे नसून प्रामाणिकपणा, शिस्त, श्रमाची प्रतिष्ठा असे नागरी गुण रुजवणे आहे, असे त्या स्पष्ट सांगत. दाटीवाटीच्या वस्तीतल्या मुलांना वळण लावण्याचे काम असे बागेकडे आले. १९१८ साली पहिल्या महायुद्धात केंद्र सरकारच्या शिक्षण विभागाने ‘युनायटेड स्टेट्स स्कूल गार्डन आर्मी’ उभी केली. लाखो मुले तिच्यात दाखल झाली, त्यांना लष्करासारखे हुद्दे मिळाले आणि अन्नधान्याचे उत्पादन हे त्यांचे देशकार्य ठरले. युद्ध संपले, निधी थांबला आणि ही फौज विसर्जित झाली.

१९९५ नंतरच्या लाटेचा हेतू आणखी वेगळा होता. त्या वर्षी ॲलिस वॉटर्स यांनी बर्कलेच्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर मिडल स्कूलमध्ये ‘एडिबल स्कूलयार्ड’ सुरू केले आणि कॅलिफोर्नियाच्या शिक्षण अधीक्षक डिलेन ईस्टिन यांनी ‘प्रत्येक शाळेत बाग’ अशी हाक दिली. २००९ साली मिशेल ओबामांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर शाळकरी मुलांना घेऊन वाफे केले. तोवर शालेय बाग आणि मुलांमधला लठ्ठपणा हे विषय लोकांच्या मनात एकमेकांना घट्ट चिकटले होते.

या चिकटण्यात धोका आहे. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या आसपासच्या १६ प्राथमिक शाळांत ‘टीएक्स स्प्राउट्स’ नावाचा बाग आणि स्वयंपाकाचा उपक्रम काटेकोरपणे तपासण्यात आला. २०२१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मुलांच्या आहारात भाजी थोडी वाढली होती. वजन आणि रक्तदाब यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. बागेचे समर्थन लठ्ठपणाच्या आधारावर करणाऱ्याला हा निष्कर्ष अडचणीचा वाटेल. मला त्यात नवल वाटत नाही. समाजाच्या आहाराला वळण देणारी बाजारपेठ, गरिबी आणि आईबापांच्या कामाच्या वेळा यांच्याशी चार वाफ्यांनी झुंजावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. बागेला उसना हेतू दिला की तिची परीक्षाही उसनी होते, आणि अशा परीक्षेत ती नापास झाली की तिची खरी कमाईही त्याबरोबर फेकून दिली जाते.

२. मूल रोप नाही, माळी आहे

दुसरा गैरसमज अधिक गोड आहे. मूल म्हणजे कोवळे रोप आणि शिक्षक म्हणजे माळी, ही प्रतिमा फ्रेडरिक फ्रोबेलच्या नावाने शिक्षणाच्या प्रत्येक समारंभात ऐकू येते. फ्रोबेलने प्रत्यक्षात केलेली गोष्ट या प्रतिमेच्या पुढे जाणारी होती. त्याच्या बालशाळेच्या आराखड्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता आणि सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे होते. आपल्या वाफ्यात काय होते याची जबाबदारी मुलाची, सामाईक वाफ्यातली सगळ्यांची. या रचनेत माळ्याची जागा मुलाकडे आहे.

ही बालशाळा १८५६ साली मार्गारेट शुर्त्स यांच्यामार्फत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला पोहोचली आणि १८७३ साली सुझन ब्लो यांनी सेंट लुइसमध्ये ती सरकारी शाळेचा भाग केली. फ्रोबेलची लाकडी ठोकळ्यांची साधने बंद खोलीत सहज मावत होती. त्यामुळे शहरी शाळांत ती टिकली आणि वाफे बहुतेक ठिकाणी मागे पडले. मूल म्हणजे रोप हा विचार तेवढा राहिला. आजही अनेक शाळांची बाग याच समजुतीवर चालते. पालक-स्वयंसेवक शनिवारी येऊन माती तयार करतात, रोपवाटिकेतून आणलेली रोपे लावतात, सुकलेली उपटून टाकतात. सोमवारी मुले येतात ती हिरवळ पाहायला. त्या बागेत काळजी वाहिली जाते, पण ती मुलांनी वाहिलेली नसते.

जॉन ड्यूई यांनी १९१६ सालच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये बागकामाचा मुद्दा नेमका मांडला आहे. त्यांच्या मते बागकाम शिकवायचे ते पुढे माळी तयार व्हावेत म्हणून नव्हे आणि वेळ मजेत जावा म्हणूनही नव्हे. माती, हवा, पाणी, प्राणी आणि माणसाची शेती यांच्या अभ्यासाचा तो दरवाजा आहे. शंभर वर्षांनंतरही आपण या दोन चुकीच्या हेतूंमध्येच घुटमळतो आहोत.

३. बागेत विचार घडतो तो चार पायऱ्यांनी

पहिली पायरी थांबण्याची. पाच वर्षांच्या मुलाच्या जगात कारणाला परिणाम लगेच चिकटलेला असतो. बटण दाबले की दिवा लागतो. मुळ्याचे बी चार-पाच दिवसांनी उगवते, गाजराचे दोन-तीन आठवडे दिसतही नाही. मूल माती उकरून बघते आणि आपण त्याला रागावतो. चांगली शिक्षिका इथेच पाठ सुरू करते. ओळीत दहा घेवडे पेरायचे, रोज त्यातला एक उकरायचा आणि दिसेल तसे चित्र काढायचे. बी फुगते, साल फाटते, आधी मूळ खाली जाते आणि मग कोंब वर येतो. आठवड्याभराची चित्रे शेजारी शेजारी मांडली की डोळ्यांआड चाललेली प्रक्रिया मुलाच्या हाती येते. दिसत नाही तेव्हाही काहीतरी घडत असते, हा विज्ञानाच्या मुळाशी असलेला विश्वास इथे अनुभवातून मिळतो.

दुसरी पायरी चुकण्याची. वर्गात मूल उत्तर शोधताना बाईंच्या चेहऱ्याकडे बघते, आणि हुशार मुलाला तो चेहरा फार लवकर वाचता येतो. बागेत उत्तर बाईंनाही ठाऊक नसते. जास्त पाणी घातले तर रोप जास्त वाढेल, हा अंदाज कुठलेही मूल करील. दोन सारख्या कुंड्यांपैकी एकीत रोज भरपूर पाणी आणि दुसरीत माती सुकल्यावरच घातले, की काही आठवड्यांत पहिल्या कुंडीतली मुळे कुजून पाने पिवळी पडतात. मुलाचा अंदाज खोटा ठरला, पण त्याला खोटे ठरवणारे माणूस कुणी नव्हते. त्यात अपमान नाही आणि लाल शाईची फुलीही नाही. चूक आणि कमीपणा यांची फारकत या वयात झाली तर ती आयुष्यभर पुरते.

तिसरी पायरी मोजण्याची. सूर्यफूल आपल्यापेक्षा उंच झाले का, हा प्रश्न मुलाला खरोखर पडतो आणि म्हणून दोरी, वीत, फूटपट्टी हवीशी वाटते. एका भोपळ्यात शेकडो बिया निघतात. त्या एक-एक मोजताना गोंधळ झाला की दहा-दहाचे ढीग करण्याची युक्ती मुलांनाच सुचते, आणि दशकाची कल्पना गरजेतून जन्मते. एकाच पाकिटातल्या बियांची रोपे सारखी का नाहीत, हा प्रश्न तर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा आहे. तो पहिलीतले मूल विचारू शकते.

चौथी पायरी संबंध जोडण्याची. होडेनोशोनी आणि इतर मूळनिवासी समाज मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आले. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात आणि भोपळ्याची रुंद पाने माती झाकून ओल टिकवतात. आपल्याकडचा शेतकरी ज्वारीत तूर घेतो त्यामागे असाच हिशेब आहे. वाफ्यात हे तिघे लावले की एकमेकांच्या आधाराने जगणे म्हणजे काय, ते मुलाला दिसते. याहून अवघड प्रश्न सुरवंट उभा करतो. मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडची पाने फस्त करते तेव्हा मुले आनंदाने टाळ्या पिटतात. पांढऱ्या फुलपाखराची अळी कोबी खाते तेव्हा तीच मुले चिडतात. दोन्ही अळ्या एकच काम करत आहेत. मग एक पाहुणी आणि दुसरी शत्रू कशी? आपल्या आवडीनिवडी हे निसर्गाचे नियम नाहीत, हे समजायला सहा वर्षांच्या मुलाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

४. बाग वर्ग केव्हा होते

यावरून असे कुणी समजू नये की वाफे केले की विचार आपोआप उगवतो. बागेत नुसते फिरणाऱ्या मुलाला फार काही मिळत नाही. बाग वर्ग होण्यासाठी तीन गोष्टी लागतात.

एक, बाहेर पडण्यापूर्वी प्रश्न ठरलेला हवा. ‘आज काय दिसते ते बघा’ यापेक्षा ‘सावलीतला वाटाणा आणि उन्हातला वाटाणा यांत काय फरक पडला असेल’ हा प्रश्न मुलाचे डोळे उघडे ठेवतो. दोन, नोंद हवी. लिहिता न येणाऱ्या मुलाने चित्र काढावे आणि तोंडी सांगितलेले वाक्य बाईंनी खाली लिहावे. आठवड्यापूर्वीचे आपले म्हणणे समोर दिसल्याशिवाय ते बदलल्याचे मुलाला कळत नाही. तीन, पुन्हा पुन्हा जाणे हवे. वर्षातून एकदा साजरा होणाऱ्या सुगीच्या सणापेक्षा आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे अधिक मोलाची. सांताक्रूझ इथे १९७९ साली ग्रीन एकर्स शाळेत सुरू झालेल्या ‘लाइफ लॅब’ने ही वाट खूप आधी दाखवली. तिथे बाग ही विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणूनच मांडली गेली.

संशोधन याला कितपत दुजोरा देते? डिलाफ्रूझ विल्यम्स आणि स्कॉट डिक्सन यांनी १९९० ते २०१० या काळातल्या ४८ अभ्यासांचा आढावा घेऊन २०१३ साली तो प्रसिद्ध केला. बहुतेक अभ्यासांत परिणाम अनुकूल होते, विज्ञानात ते सर्वांत ठळक होते. त्याच आढाव्यात त्यांनी हेही नोंदवले की अनेक अभ्यासांची पद्धत कच्ची होती. पुढे कॉर्नेलच्या नॅन्सी वेल्स आणि सहकाऱ्यांनी चार राज्यांतल्या कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. मुलांच्या विज्ञानाच्या ज्ञानात वाढ झाली, पण ती छोटी होती, आणि उपक्रम जितका नेटाने राबवला गेला तितकी ती अधिक होती. म्हणजे बाग ही जादू नाही. तिच्यात शिकवावे लागते.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. २००२ साली ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा लागू झाल्यापासून वाचन आणि गणिताच्या चाचण्यांनी शाळेचा दिवस गिळला आहे. त्यात बागेला वेळ कुठला? या आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. अक्षरओळख बागेत होत नाही आणि तसा दावा करणे बागेचेच नुकसान करते. पण विज्ञान तर शिकवायचेच आहे. अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१३ च्या विज्ञान-निकषांत बालवर्गातल्या मुलाने वनस्पती आणि प्राण्यांना जगायला काय लागते हे निरीक्षणातून सांगावे, आणि दुसरीतल्या मुलाने झाडाला ऊन-पाणी लागते का याचा प्रयोग स्वतः आखून करावा, अशी अपेक्षा आहे. हे छापील कागदावर रंग भरून साधणार नाही. बाग अभ्यासक्रमातला वेळ खात नाही. अभ्यासक्रमाने मागितलेलेच काम ती करते.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार. २०१० साली ‘द अटलांटिक’मध्ये केटलिन फ्लॅनागन यांनी विचारले की शेतमजुराच्या मुलाने मजुरीतून सुटण्यासाठी शाळेत यायचे आणि शाळेने त्याला पुन्हा वाफ्यात उभे करायचे, हा कुठला न्याय? अमेरिकेचा इतिहास या प्रश्नाला धार देतो. १८७९ साली स्थापन झालेल्या कार्लाइल इंडियन स्कूलने मूळनिवासी मुलांना शिक्षणाच्या नावाखाली गोऱ्यांच्या शेतांवर आणि घरांत राबायला पाठवले. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला हस्तकौशल्य आणि शेती, गोऱ्यांच्या वाट्याला पुस्तके, ही वाटणी दीर्घकाळ चालली. ऊसतोड कामगाराच्या मुलाला शाळेत खुरपे देताना महाराष्ट्रातही हाच संकोच वाटायला हवा.

याचे उत्तर मला कोसबाडच्या टेकडीवर सापडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. बिया, पाने, खडे हे तिथे मोजण्याचे आणि वर्गीकरणाचे साहित्य झाले. त्या मुलांना झाडांची माहिती बाहेरून आलेल्या शिक्षकांपेक्षा अधिक होती, आणि कुरणशाळेने तिला अज्ञान न समजता अभ्यासाचा पाया केले. श्रम आणि शिक्षण यांच्यातली सीमा इथे स्पष्ट होते. पीक कुणाला हवे आहे आणि प्रश्न कुणाचा आहे? पीक शाळेला हवे असेल आणि मूल फक्त हुकूम पाळत असेल तर ती मजुरी. प्रश्न मुलाचा असेल, पीक बुडाले तरी पाठ पुरा होत असेल, तर ते शिक्षण. शेतमजुराच्या घरातल्या ज्ञानाला शाळेत मान मिळण्याची जागाही हीच. अट एकच: श्रीमंत वस्तीतल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळेत बागेचा हेतू सारखाच असला पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. जूनमध्ये शाळा बंद होते आणि बाग बहरते जुलै-ऑगस्टमध्ये. उत्तरेत हिवाळा लांबलचक. जुन्या शहरांच्या मातीत रंगाचे आणि पेट्रोलचे शिसे मुरलेले असते. यातली प्रत्येक अडचण खरी आहे आणि प्रत्येकीला उपाय आहे. शिशासाठी मातीची तपासणी करावी आणि चांगली माती भरलेले उंच वाफे करावेत. कृषी विद्यापीठांच्या विस्तारसेवा तपासणीत मदत करतात. हंगामासाठी पिके विचारपूर्वक निवडावीत: वसंतात महिन्याभरात येणारा मुळा, मे महिन्यात लावून शरदात काढायचे बटाटे आणि भोपळे. बालवर्गात पेरलेले पहिलीत गेल्यावर काढायचे, यातही शिक्षण आहे. हिवाळ्यापूर्वी ट्यूलिपचे कंद पुरून कोंबाची तारीख नोंदवायची आणि ‘जर्नी नॉर्थ’ उपक्रमातल्या दूरच्या शाळांच्या तारखांशी ताडून पाहायची, की वसंत दक्षिणेकडून उत्तरेला सरकताना नकाशावर दिसतो.

६. मग करायचे काय

पहिली गरज माणसाची आहे. कॅलिफोर्नियाने २००६ साली शालेय बागांसाठी दीड कोटी डॉलर मंजूर केले. शाळेमागे अनुदान होते अडीच ते पाच हजार डॉलर, तेही एकदाच. एवढ्यात लाकूड, माती आणि झाऱ्या येतात. माणसाचा पगार निघत नाही. बाग उभारणे सोपे आहे आणि चालवणे अवघड, हे धोरण आखणाऱ्यांनी ओळखले पाहिजे. वॉशिंग्टन शहराने २०१० च्या ‘हेल्दी स्कूल्स ॲक्ट’मध्ये शालेय बागांचा कार्यक्रम कायद्यातच घातला, ही त्या दिशेची योग्य पायरी होती. शिक्षक-प्रशिक्षणात बागेत शिकवण्याचा भाग आला तर एका उत्साही बाईंवरची सगळी भिस्त संपेल.

दुसरी गरज पालकांच्या आग्रहाची आहे, आणि इथे अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना काही सांगावेसे वाटते. शाळेच्या बैठकीत आपण गणिताची पातळी आणि गुणवत्ता-चाचण्यांबद्दल हिरिरीने बोलतो. तीच हिरीर बागेच्या तासासाठी दाखवायला हवी, कारण गणित आणि विज्ञान ज्या विचारशक्तीवर उभे राहते ती इथे तयार होते. शिवाय आपल्यापाशी एक दुर्लक्षित बळ आहे. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या अनेक आजी-आजोबांनी आयुष्यभर परसबाग किंवा शेती केलेली असते, आणि बाग पोरकी होण्याचे महिने नेमके तेच असतात. शाळेच्या परवानगीने त्यांनी वाफ्यांकडे लक्ष दिले तर बागही टिकेल आणि त्यांचे ज्ञानही नातवंडांच्या शाळेपर्यंत पोहोचेल.

तिसरी गरज योग्य मापाची आहे. महाराष्ट्रातल्या शाळांमध्येही पोषण आहाराला जोड म्हणून परसबागा होत आहेत. केंद्र सरकारने त्यासाठी २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. ताटात ताजी मेथी पडते हे चांगलेच. पण किती किलो भाजी निघाली एवढेच अहवालात गेले, तर अमेरिकेतली उसन्या हेतूंची चूक आपण गावोगावी गिरवू. अहवालात मुलांच्या नोंदवह्या जाव्यात: काय वाटले होते, काय दिसले, मत का बदलले.

म्हणून शाळा निवडताना किंवा शाळेशी बोलताना पालकांनी ‘तुमच्याकडे बाग आहे का’ एवढ्यावर थांबू नये. ‘या महिन्यात बागेत मुलांचा कोणता अंदाज चुकला आणि मग त्यांनी काय केले’ असे विचारावे. याचे उत्तर शिक्षिकेपाशी तयार असेल, तर चार वाफ्यांची ती जागा शाळेतली सर्वांत उत्तम वर्गखोली आहे आणि तिच्यासाठी भांडायला हवे. उत्तर नसेल, तर बाग कितीही देखणी असो, तिथे शिकवणे अजून सुरू व्हायचे आहे आणि ते सुरू करून घेणे हे पालकांचे काम आहे.